सातवी पायरी

हडर्सफील्डच्या आमच्या घराच्या भिंती दोन फूट जाड,
दगड मूळचा पिवळा, गिरण्यांच्या धुराने काळवंडलेला.
राउटर खाली, बुटांच्या कपाटात.
त्याची धाव सातव्या पायरीपर्यंत.
पुढे जिना वळतो, वायफायला वळता येत नाही.

तात्यांची खोली माळ्यावर.
म्हणून मी रिपीटर आणला, अठरा पौंडांचा,
साबणाच्या वडीएवढा,
आणि वळणावरच्या सॉकेटात खोचला.
निळा दिवा लागला. रात्री माळ्यावरून
खोकल्याबरोबर सांगलीच्या बातम्या ऐकू यायला लागल्या.

तात्या बत्तीस वर्षं मिरजेच्या तारघरात होते.
त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, कानाशी धरला.
म्हणाले, हा आमच्यातलाच.
ऐकायचं, पुढं धाडायचं,
मधे आपल्या पदरचं काही घालायचं नाही.
कुणाला मुलगा झाला, कुणाचा गेला,
बोट तेच, टिकटिक तीच.
मग जरा थांबून : याला पेन्शन नाही एवढंच.

महिन्यातून एकदा मी परगावी जाते,
रजेवर गेलेल्या कुणा फार्मासिस्टच्या जागी
चार दिवस लोकांच्या गोळ्या मोजायला.
स्कारबरो, केझिक, एकदा पार कार्लाईल.
गेस्ट हाऊसच्या दारावर लिहिलेलं असतं, वायफाय मोफत.
कुठल्या खोलीत, ते लिहिलेलं नसतं.
तेव्हा रिपीटर माझ्याबरोबर निघतो
आणि माळा चार दिवस मुका होतो.
तात्या काही म्हणत नाहीत.
काही न म्हणण्याची त्यांची एक पद्धत आहे,
ती तळघरापर्यंत ऐकू येते.

या खेपेला मी तो मुद्दाम ठेवून आले.
बेरिकला उतरले तेव्हा ट्वीडवर धुकं होतं, पूल अर्धाच.
मिसेस डॉड्सनी वरच्या मजल्यावरची खोली दिली,
खिडकीतून समुद्राची एक फट दिसणारी.
फोनवर एकही काडी नाही.
"जिन्यात येतं हो," त्या म्हणाल्या,
जशी उन्हाची जागा दाखवावी.

बॅग उघडली. तळाशी एका मोज्यात काहीतरी टणक.
मोजा माझा नव्हता.
राखाडी, अंगठ्याशी रफू केलेला.
आत रिपीटर,
आणि रिसेटच्या भोकात घालायला लागते म्हणून
टेपने चिकटवलेली एक सेफ्टी पिन.

तो तसाच पलंगावर टाकून मी जिन्यात जाऊन बसले.
पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.
पडद्यावर आधी हनुवटी, मग अर्धा चष्मा,
मागे कोटांची खुंटी, ऋजुताचं दप्तर.
सातवी पायरी.
खाली उशी घेतलेली, शेजारी पाण्याचा तांब्या :
म्हणजे सकाळपासूनची तयारी.

तिथं का बसलात?
इथं बरं आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला
मला ओलांडून जावं लागतं,
मग बोलल्याशिवाय जाता येत नाही कुणाला.
तो लावलास का?
लावते.
लाव. निम्मा वेग मधेच खातो तो, पण पोचवतो.

तेवढ्यात मिसेस डॉड्स चहाचा ट्रे घेऊन वर निघाल्या.
मी गुडघे आखडून घेतले. त्या थांबल्या,
पडद्यात वाकून बघत म्हणाल्या, कोण हे?
जिन्यातच का बसलेत?
तात्या म्हणाले, बाई काय विचारतायत?
मी मधे बसून इकडचं तिकडे, तिकडचं इकडे
सांगत राहिले,
थोडं माझ्या पदरचं घालून.