कानातले खडे

सीलचं पोट फाडताना सुरी खोल घालायची नाही.
हे कुणी शिकवलं नाही मला,
पहिल्या हिवाळ्यात सात पोटं वाया गेली
तेव्हा कळलं.

आत करडी, आंबूस लापशी.
कोलंबीची टरफलं, काट्यांचा चुरा,
कॅपलिनचे मणके मोहरीएवढे.
चाळणीवर नळ सोडायचा आणि थांबायचं.
शेवटी तळाला खडे उरतात.

माशाच्या प्रत्येक कानात एक खडा असतो,
तोल सांभाळायला.
मांस विरघळतं, काटे विरघळतात,
खडा मात्र बराच वेळ दम धरतो,
आणि कापला की वय सांगतो:
एक कडं उन्हाळ्याचं, एक हिवाळ्याचं.

दर रविवारी बाबांचा फोन.
‘किती?’
जेवलीस का, थंडी कशी आहे, हे नंतर,
किंवा नाहीच.
साउथ बाइटचे आल्फियस पार्डी.
ब्याण्णवच्या जुलैत सरकारने कॉड बंद केला
तेव्हा त्यांनी होडी वर ओढली,
ती अजून वरच आहे.
आईने तिच्यात बटाटे लावलेत.

‘किती कॉड निघाले त्याच्या पोटातून?’
एकतीस पोटं, बाबा, चव्वेचाळीस खडे,
म्हणजे बावीस मासे. बाकी कॅपलिन.
‘बावीस!’
जणू चोर मुद्देमालासकट सापडला.
बावीस पोरं, मी म्हणते. दोन वर्षांची, तीन वर्षांची.
आणि त्याच पोटांत स्कल्पिनही होते,
जे कॉडची पिल्लं गिळतात.
ते कुणाच्या खात्यावर मांडू?
पलीकडे केटलीची शिट्टी.

घरी खिडकीत बरणी आहे,
ड्रुसिला आजीची. खड्यांची.
मोठा मासा आला की ती खडे काढून धुऊन ठेवायची,
कशासाठी, तिलाच ठाऊक.
मागच्या नाताळात त्यातला एक मी खिशात टाकला,
न विचारता.
राळेत बसवला, हिऱ्याच्या पात्याने कापला.
चोवीस कडी.
पुन्हा मोजली. चोवीस.
आमच्याकडे हल्ली बारा दिसली
तरी पलीकडच्या टेबलावरचा लेव्ही टफ
हातातलं टाकून बघायला येतो.

चोवीस वर्षांची मादी
एका हंगामात लाखांवर लाख अंडी सोडते,
आणि तिची पिल्लं जरा दणकट निघतात.
सीलच्या तोंडात ती मावत नाही.
जाळ्यात मावते.
जाळं तर विणलेलंच तिच्या मापाचं.
सील नातवंडं खातं.
आज्या आपण खाल्ल्या.

बाबाच सांगायचे,
रात्री क्षितिजावर ट्रॉलरचे दिवे,
पाण्यात कुणी गाव वसवावं तसे.
त्या गावाचं पोट
चाळणीवर कुणी धुतलं नाही.
कॉड खडा घेऊनच जन्माला येतो.
आपण कानाला खडा लावला
तो समुद्र रिकामा झाल्यावर.

तरी बाबा अगदीच चुकत नाहीत.
हे मी फोनवर बोलत नाही.
डबा भरलेला असतो
तेव्हा कुणाचा हात गेला, कळत नाही.
तळ लागला की प्रत्येक हात वाजतो,
सीलचासुद्धा.
बावीस पोरं तेव्हा काहीच नव्हती.
आता ती बावीस आहेत.

काल त्यांनी ‘किती’ विचारलंच नाही.
म्हणाले, ‘बरणीत एक कमी आहे.’
म्हणजे तेही मोजतात.
मी म्हणाले, चोवीस.
बराच वेळ नुसता वारा,
तिकडचा की तारेतला, कळेना.
मग,
‘हातदोरीवर आली होती.
मी आणि तुझे आजोबा,
दोघांना होडीत घेता येईना.
एकदा वाटलं, दोरी सोडून द्यावी.’

पुढे काही बोलतील म्हणून थांबले.
म्हणाले, बटाटे यंदा बरे आलेत.