गाळी

उद्यमबागच्या शोरूमनं कागद दिला:
पंप गेलाय. चौसष्ट हजार, कर वेगळा.
वर थंड पाणी, खुर्ची, हसू.

रोज सकाळी स्टार्टर फिरतो, फिरतो,
इंजिन उठत नाही.
एकदा उठलं की दिवसभर शहाणं.

खानापूर रोडला, मच्छेच्या अलीकडे
बसलिंग तिगडी. पान्याला हात लावला नाही.
"धूर येतंय काय वो, पांढरा?"
नाही.
"मग हीटर नव्हे. डिझेलच पोचंना झालंय."

फिल्टरपाशी पारदर्शक नळीचा तुकडा जोडला.
"मारा की सेल्फ."
वाकून बघितलं, म्हणाला, "गाळी."

मी दचकलो. कुणाला?
मला ठाऊक ती शिव्यांमागून येणारी.
त्यानं गाल फुगवून फुंकलं:
"हवा वो. आमच्या कन्नडात."
नळीतून बुडबुडे निघाले होते
शाळा सुटल्यासारखे.

"फिल्टर कुठं बदललासा?"
शोरूमलाच, गेल्या महिन्यात.
वॉशर जुनाच ठेवलेला. चपटा, कडेला चीर.

नवा बारा रुपयांना. मजुरी दोनशे,
तीही मी विचारल्यावर.
चौसष्ट हजारांच्या कागदाला
त्यानं हात पुसले.

येताना शोरूमसमोर काच खाली केली.
गाळी आत आली.
एक बाहेरही गेली,
मराठीतली.