कव्हर बसवण्याआधी

अरवैखेरच्या बाहेर, जिथे डांबर संपतं
आणि गवताळ माळावर वाटाच वाटा फुटतात,
तिथे बदामखंदचं गॅरेज.
आज उणे एकतीस.
मधोमध जुनी रशियन व्हॅन, आ वासून,
आणि फळीवर चार ट्यूबा:
लाल, काळी, करडी,
चौथीवरची अक्षरं तेलानं खाल्लेली.

गोंबो-ओचिर म्हणतो, लालच लाव की,
तीनशे अंश सोसते, वर लिहिलंय.
ती म्हणते, साखळीचं कव्हर आहे हे, चूल नाही.
इथे गाठ तेलाशी आहे.
तेल भांडत नाही, धडका देत नाही,
नुसतं चाचपत राहतं
रात्रंदिवस
केसाएवढी फट.

लाकडी पट्टीनं ती कड खरवडते,
ॲल्युमिनियमला ओरखडा नको.
जुना थर निघतो, वाळल्या सायीसारखा.
मग स्पिरिटचा बोळा.
मग डोळे मिटून नखाचं टोक
कडेवरून सावकाश, पुरी एक फेरी.
पाण्याच्या पंपाजवळ नख थबकतं.
हे कव्हर कधीतरी वाकलंय, म्हणते.

म्हणजे चौथी ट्यूब बाद.
ती उघड्यावर कधीच सुकत नाही.
दोन धातूंमध्ये कोंडली, हवा तुटली
की मगच तिचा दगड होतो.
"माझ्या सासूसारखी," बदामखंद म्हणते,
"पण इथे कोंडायला फट फार मोठी."

काळीचं टोपण काढलं की व्हिनेगरचा भपका.
करडीला वास नाही.
ती करडी घेते.

लाल ती का उचलत नाही, हे गोंबो-ओचिरला ठाऊक आहे,
तरी त्यानं विचारलं होतं.
दोन हिवाळ्यांपूर्वी दोर्जसुरेनच्या, म्हणजे नवऱ्याच्या, ट्रकला
तिनं स्वतः लाल लावली. मायेनं. भरपूर.
बोल्ट आवळताना जेवढी बाहेर आली
तेवढी तिनं पुसली.
जेवढी आत गेली
ती कोण पुसणार?
खिंडीत इंजिन जागच्या जागी धरलं.
नंतर तेलाच्या जाळीत तिला सापडला
बोटभर लांब एक लाल दोरा.
दोर्जसुरेन चालत आला, रात्रभर,
आणि दोन बोटं बुटातच राहिली.
आता तो पाहुण्यांना सांगतो, बूट मोठा घेतला मी.
पाहुणे हसतात. ती चहा ओतते.

म्हणून आता हात आखडता.
शेवईएवढी रेघ, कुठे न तुटता,
प्रत्येक बोल्टच्या भोकाला आतल्या बाजूनं वळसा,
कोपऱ्यावर किंचित थांबून.
श्वास तिनं धरलेला,
आणि त्याला बघून गोंबो-ओचिरनंही.
कव्हर सरळ बसवायचं, सरकवायचं नाही.
बोल्ट आधी नुसते बोटांनी.
मग पान्यानं, आडवे-तिडवे,
मधून कडेकडे.

"झालं? निघतो मग."
पिठाची चौदा पोती, बायनखोंगोर,
आणि शाळेच्या वसतिगृहात वाट बघणारी मुलगी.
"उद्या," ती म्हणते.
"मुलगी तिथे एकटी..."
"उद्या."
किल्ली ती आपल्या बुटात टाकते.

ही करडी हवेतलं पाणी पिऊन घट्ट होते,
आणि इथल्या हवेत जानेवारीत पाणी असतं कुठे?
ती शेगडीवर मोठी किटली चढवते, झाकण काढून.
वाफ व्हॅनभोवती फिरते,
खिडकीच्या काचेवर जाऊन गोठते.

फळीवर तिनं एक थेंब मुद्दाम ठेवलाय.
साक्षीदार.
तो सुकला तर आतलंही सुकलं समजायचं.
रात्रीतून तीनदा उठतो गोंबो-ओचिर,
टॉर्च धरून थेंब दाबून बघतो.
तीनही वेळा बोट भरतं.

पहाटे ती उठते तेव्हा
तो पोत्याला टेकून झोपलेला,
किटली कोरडी पडत आलेली,
आणि त्याच्या कपाच्या कानावर, कपाळावर,
खिशातून डोकावणाऱ्या मुलीच्या फोटोच्या एका कोपऱ्यावर
करडे ठसे,
आता घट्ट झालेले.