मानस

आमच्या इमारतीचं नाव 'शेतगंगा'.
मेरशीतलं खाजन भरून उभी केली, तेव्हा शेत गेलं.
गंगा नंतर आली,
पुनवेच्या रात्री अकरा दहाला,
तळमजल्यावरच्या माझ्या न्हाणीघरात,
जाळीतून, उलटी.

प्लंबरनं बोट बुडवून जिभेला लावलं
आणि पैसे न घेताच उठला.
"ताई, हे खारं आहे. माझ्या हातातलं नाही."

बिल्डरचा फोन बंद.
नकाशात सगळं होतं: सेप्टिक टँक, गटार, चेंबर,
निळे बाणसुद्धा,
सगळे बाहेरच्या दिशेनं.

शेवटी हनुमव्वा बोलली.
जिनं पाटीपाटीनं ही इमारत डोक्यावरून वर नेली
आणि जी अजून मागे पत्र्याच्या खोपीत राहते.
तिच्याकडे पाणी दर पंधरवड्याला येतं,
ती आधीच खाट विटांवर चढवते.
आठ वर्षांत आम्ही कुणी विचारलं नव्हतं.
"बांधावरच्या म्हाताऱ्याला बोलवा," म्हणाली.

इनास आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.
"आयज तिथ खंयची?"
शिरोडकरांनी फोन काढला,
तोवर तो चंद्राकडे बघून चालू लागला होता.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला, बांधावरून, एकामागे एक.
तिथं मानस आहे, असं तो म्हणाला
आणि मला वाटलं, मनातलं काही सांगतोय.
तर ते दार होतं.
लाकडी, दोन झडपांचं,
ओहोटीला उघडणारं, भरतीला आपसूक मिटणारं.
मोटर नाही, वीज नाही,
वर्षाकाठी थोडी माती, थोडा पेंढा
आणि एक माणूस.

एक झडप अर्धवट अडकली होती.
इनासनं चिखलात हात घातला, ओढून काढली
फरशी. काळी, सोनेरी ठिपक्यांची.
माझा जुना ओटा.
राडारोडा नेणाऱ्या टेम्पोवाल्याला
"कुठे टाकणार?" एवढंही मी विचारलं नव्हतं.
तिथं गप्प राहिले.
अजूनही कुणाला सांगितलेलं नाही.

रविवारी चौदाजण चिखलात उतरलो. मी सगळ्यात पुढे.
मग सभा. विषय क्रमांक सहा:
मानस देखभाल, फ्लॅटमागे महिना दीडशे.
चौथ्या मजल्यावरचे केरकर म्हणाले,
पाणी काही आमच्यापर्यंत चढत नाही.
इनास म्हणाला, जिना खंयच्यान सुरू जाता?
ठराव मंजूर. केरकर सोडून.
खोप विषयपत्रिकेवर नव्हतीच.
मी पेनानं सात घातला. सात पुढच्या सभेला.

आता लिफ्टशेजारी भरतीचा तक्ता आहे.
इनास सांगतो, मी लिहिते.

आज अमावास्या. अकरा दहा.
जाळीपाशी उकिडवी बसलेय, बत्ती न लावता.
खाली पाणी कुठेतरी येतं, घुटमळतं.
वर येत नाही.
मागच्या बाजूनं मात्र आवाज येतोय:
हनुमव्वा खाट चढवतेय.
एक वीट.
मग दुसरी.