दोन्ही कान दिसले पाहिजेत

केप्याच्या बाजारात बत्तीस वर्षं
मी पासपोर्टचे फोटो काढले.
मान सरळ, चष्मा काढा, हसू नका,
दोन्ही कान दिसले पाहिजेत.
माझ्या निळ्या पडद्यासमोरून उठून
माणसं कुवेतला गेली, लिस्बनला गेली,
किती तरी जण आगबोटीवर.

आणि आता हा.
पाठमोरा, उलटा, केळफुलाला लटकलेला,
निम्मं डोकं जांभळ्या सालीआड खुपसून.
पंखांच्या जागी नुसता धूर.
फूल मात्र स्वच्छ आलंय, तुरा न् तुरा,
ज्याच्याबद्दल मला काहीच विचारायचं नव्हतं.

शिंजीर म्हणावा, तर चमक कुठे?
मादी असेल, सुलक्षा म्हणाली.
नरसुद्धा विणीनंतर रंग उतरवून ठेवतात,
गळ्यावर तेवढी काळी रेघ उरते,
धुऊन न गेलेल्या शाईसारखी.
गळा शोधला.
गळा फुलाच्या आत होता.

मग भिंग काढलं,
ज्यानं निगेटिव्हवरचे मुरुमांचे डाग पुसायचो.
चोचीला पट्टी लावली: डोक्याच्या दुप्पट,
आणि बाकदार, गोणी शिवायच्या दाभणागत.
शेपूट आखूड. डोळ्याभोवती फिकट कडं, तेही अर्धंच.
कान असतात म्हणे, पिसांखाली.
पुस्तकाची पानं उलटत रात्री साडेअकराला
पोचलो एकदाचा:
कोळीखाऊ.

नाव कोळीखाऊ, आणि सापडला मध पिताना!
कुणीतरी पाहिलं असेल कधी जाळ्यापाशी
आणि एका घासावरून
लिहून टाकलं जन्माचं.
हसू आलं, मग आलं नाही.
मी तरी काय केलं?
सेकंदाचा साठावा हिस्सा कापून घेतला
आणि शिक्का मारणाऱ्यांना सांगितलं,
हाच तो माणूस.

रविवारी फोटो घेऊन पुन्हा रिवणला,
त्याच कुळागरात.
गोकुळदास वेळीपानं ओला अंगठा लुंगीला पुसला,
मोबाईल लांब धरला, जवळ आणला.
"हो? हो केळीचो. सदांच येता."
आणि गेला पाणी पुढच्या वाफ्याला वळवायला.

घरी फोटो साठवायचा, तर फाईलला नाव हवं.
कोळीखाऊ लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह.
यंत्र म्हणालं, हे चिन्ह चालत नाही.
नुसतं कोळीखाऊ लिहायला
बोट धजेना.
केळीचो लिहिलं.
चाललं.