किंचित वाकडी

तेरा ऑगस्टला, गोपी टँक मंडईत
प्लास्टिकचे झेंडे लागलेले असतात, तेव्हा ती येते.
सबनिसांची जपानी बाई.
नाव कियोको. माझ्या तोंडात ते बसलं नाही,
मी केवकाबाई म्हणते, ती ओ देते.

‘हौसाबाई, एक काकडी द्या. किंचित वाकडी.’
किंचित!
सासूकडून उचललेलं मराठी.
सासू गेली, शब्द हिच्यापाशी राहिला.
बाकी साऱ्या गिऱ्हाइकांना सरळ काकडी हवी,
नख लावून बघतात,
कडू निघाली तर अर्धी खाऊन परत आणतात.
ही एकटी पोटात बाक असलेली मागते
आणि तळहातावर धरून बघते
मान कुठे येईल.

मग एक वांगं, देठासकट.
चातुर्मासात अर्धी मंडई वांग्याला शिवत नाही,
चंपाषष्ठीपर्यंत माझ्याकडे पडून सुरकुततात.
पहिल्या वर्षी वाटलं, औषधाला नेत असेल.

दुसऱ्या वर्षी विचारलं.
तिने पर्समधून आगपेटी काढली,
काड्यांचे गुल मोडून माझ्या टोपलीच्या काठावर ठेवले
आणि वजनकाट्यावरच काकडीला चार पाय लावले.
घोडा.
‘तिकडची माणसं घरी येतात ना, तीन दिवस.
लवकर यावीत, म्हणून हा.’
वांग्याला चार पाय. ‘ही गाय. जाताना.
सावकाश जावीत.’
मी म्हटलं, ओझं न्यायचं तर बैल म्हणा.
तिने थोडा विचार केला. ‘बैल,’ म्हणाली.

ओतूरला पोळ्याला मातीचे बैल करायचो आम्ही,
तेव्हा मला यात नवल वाटलं नाही.
आमचे पितर कावळ्याच्या पंखांवर येतात,
भाताला चोच मारतात की उडाले.
त्यांना परत जाववत नसेल,
हे आमच्यात कुणी मनावरच घेतलं नाही.

तिचे आईवडील येतात समुद्र ओलांडून.
सबनीस शिवाजी पार्कच्या स्मशानातून,
पायी आले तरी दहा मिनिटं.
तरी त्यांनाही घोडा.
तिघं एकावर कसे बसतात, ते मी विचारलं नाही.

मला माझा माणूस आठवला.
हा गाळा त्याचाच, बबन डुंबरेचा.
मापात त्याने कधी मारलं नाही,
मारलं ते घरात.
म्हटलं, केवकाबाई, माझ्याकडे उलटं करावं लागेल.
यायला वांगं,
जायला काकडी.
ती हसली नाही.
काकडी फिरवून फिरवून बघितली.
‘चालेल,’ म्हणाली. ‘पण दार दोन्ही वेळा उघडं लागतं.’

सोळा तारखेला दोन्ही जनावरं कागदात गुंडाळून
ती चौपाटीवर सोडायला गेली, तर रखवालदार ओरडला.
तेव्हापासून माझ्याकडेच आणते.
मी काड्या उपसते,
मंडईच्या फाटकापाशी गाय बांधलेली असते, तिला घालतो.
गाय बैल खाते.
आम्ही दोघी उभ्या राहून बघतो,
सुट्ट्या पैशांचा विषय कुणी काढत नाही.

यंदा तिची काकडी मी बारालाच निवडून ठेवली.
निवडताना आणखी एक हाती लागली,
किंचित नाही, चांगलीच वाकडी,
दोन्ही टोकं एकमेकांना भेटायला निघालेली.
असली काकडी गिऱ्हाईक फुकटसुद्धा नेत नाही.
कोशिंबीर करावी म्हणून घरी आणली.

रात्रीचे दहा वाजले.
दाण्याचं कूट काढून ठेवलंय.
काकडी ओट्यावर, आगपेटी तिथंच असते, गॅसजवळ.
सुरी अजून घेतली नाही.

पावसाने चार दिवस दडी मारलीय,
खोलीत जीव नकोसा होतो.
दार आपलं
उकाड्यामुळे उघडं आहे.