लाल म्हणजे फक्त लाल

रुस्तावीच्या बाजारात, जिथे समुद्र ओलांडून आलेल्या
चेपलेल्या गाड्या दुसरा जन्म मागत रांगेत उभ्या असतात,
शेवटच्या रांगेमागे नुगझारमामाचं गॅरेज.
मी टॉर्च धरायचे. चार वर्षं.
हात हलला की शिवी,
नाही हलला की काहीच नाही.

फळीवर बाटल्या, सगळ्यांत लाल.
लालच ना सगळं, मग कुठलंही ओत की, मी म्हटलं.
मामानं बोट फरशीकडे केलं.
"रंग गळती कळावी म्हणून घालतात.
खाली लाल सांडलं तर गिअरबॉक्स, काळं सांडलं तर इंजिन.
लाल म्हणजे फक्त लाल.
पुढचं वाचावं लागतं."

पण वाचणार कसं? जपानी गाडीच्या डिपस्टिकवरची अक्षरं
आम्हा दोघांनाही परकी.
तो वहीत त्यांची चित्रं काढायचा:
छप्पर आणि खाली दोन पाय, म्हणजे डावीकडची तिसरी बाटली.
वाकून गवत कापणारा माणूस, म्हणजे वरच्या फळीवरचा डबा.
कधी चुकला नाही.
म्हणजे, एकदा चुकला.
ती गाडी रिकोतीच्या घाटात अशी थरथरली म्हणे,
जशी गुळगुळीत डांबरावर कुणी फळ्या अंथरल्यात.
वहीतल्या त्या पानावर त्यानं फुली मारली नाही.
पान फाडलंही नाही.

'सर्व गाड्यांना चालेल' असं छापलेली एक बाटली होती.
ती शटरच्या बिजागऱ्यांना.

नोव्हेंबरात लामारा आली, तेलावीहून,
नवऱ्याची गाडी घेऊन. दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर,
आणि गिअरबॉक्सचं ऑइल जन्मापासूनचं.
"पोराला लग्नात द्यायची आहे," म्हणाली,
"आतून धुऊन काढा. सगळं नवं भरा. उत्तमातलं."

मामानं डिपस्टिक पांढऱ्या कागदावर पुसली.
तपकिरी. कडेला करडी रेघ.
मग नाकाशी नेली, आणि मी टॉर्च जरा खाली घेतला,
कारण वास घेताना त्याचे डोळे मिटतात.
करपलेली भाकरी, असा वास. मलाही आला.

"धुवायचं नाही," तो म्हणाला.
"हिचे क्लच झिजलेत. त्यांचाच भुगा ह्या तेलात आहे,
आणि त्या भुग्याच्या आधारानं ते अजून पकड घेतात.
घाण काढली तर स्वच्छ होईल,
आणि इथून हलणार नाही.
तीन लिटर काढू, तीन घालू. महिनाभर चालवा. मग पुन्हा तीन."

"आमच्याकडे," लामारा म्हणाली, "जमिनीत रांजण पुरलेले असतात.
आत माणूस उतरून चुन्यानं घासतो,
तेव्हाच नव्या द्राक्षांचा रस पडतो त्यात.
जुन्यावर नवं ओतायला मी काय खुळी आहे?"

"रांजण जागचा हलत नाही, बाई.
हिला घाट चढायचाय."

ती बराच वेळ बोनेटवर हात ठेवून उभी राहिली.
बाजारात कुणीतरी हॉर्न तपासत होतं, एकच हॉर्न, पुन्हा पुन्हा.
शेवटी म्हणाली, "त्यांनी कधी बदललं नाही.
मी म्हणायचे, बदला. ते म्हणायचे, चालतंय ना."
मामानं बूच सैल केलं.
धार जाड आली, मग दोरा, मग थेंब.

ती डिसेंबरात आली. सोबत अक्रोडाची पिशवी.
दांडीवरचा रंग किंचित उजळला होता,
म्हणजे मला तसं वाटलं; मामा म्हणाला, टॉर्च नवा आहे.
फेब्रुवारीत यायची होती.

फेब्रुवारीत बर्फ होतं. मार्चात मामाची पाठ गेली.
आता चित्रांची वही माझ्याकडे आहे,
आणि अक्षरं मी अजूनही चित्रांवरूनच ओळखते.
वरच्या फळीवर तीन लिटरचा एक डबा,
झाकणावर खडूनं नाव: लामारा.
त्याच जातीची गाडी आली की गिऱ्हाईक बोट दाखवतं:
तो आहे की तिथे, लालच तर आहे.

मी नवा फोडते.